प्रिंटरमध्ये राहिलेली पगाराची स्लिप

प्रश्न : ताई, मी अकाउंट्सला आहे, सात वर्षं झाली. परवा प्रिंटरमध्ये शेजारच्या टेबलावरच्या मुलाची स्लिप सापडली, काम सेम, जीएसटी रिटर्न दोघंही भरतो, त्याला 31 हजार आणि मला 24! साहेबांना विचारलं तर म्हणतात त्याला घर चालवायचंय, तुझा नवरा कमावतोच की. काय करू?

उत्तर : अगं, नवऱ्याच्या पगाराचा इथे संबंधच काय! साहेबांचा नवरा-बायकोचा हिशोब कायद्यात कुठेच बसत नाही. 1976 च्या समान वेतन कायद्यात काम सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं असेल तर पगारही सारखाच असं होतं, 2019 च्या वेतन संहितेतही तेच आहे. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतल्या ऑड्री डिकोस्टा या स्टेनोग्राफर बाईंनी पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार मिळतो म्हणून तक्रार केली, कंपनीने ते भांडण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत नेलं, म्हणाली परवडत नाही, युनियनशी करारही झालाय, पण 1987 मध्ये कोर्टाने दोन्ही सबबी उडवून लावल्या.

आता त्याचा अनुभव किंवा डिग्री खरंच जास्त असेल तर फरक चालतो, ते आधी बघ. नसेल तर तू रोज काय काय करतेस ते लिहून काढ आणि मेलवरच विचार, तोंडी नको, तोंडी बोललेलं उद्या कुणाला आठवत नाही. उत्तर नाहीच आलं तर कामगार आयुक्त कार्यालय आहे. आणि त्या मुलाशी वाकडं घेऊ नकोस बरं का, तुझा पगार बरोबरीला आणायला त्याचा कापता येत नाही.