सिसिलीत पाच दिवस असतील तर एटनाच्या वाइनसाठी दोन दिवस काढावेत का?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. सासूसासऱ्यांना घेऊन ऑक्टोबरात सिसिलीला चाललात, पाच दिवस आहेत, ते दोघं शाकाहारी आणि न पिणारे, ताओर्मिना आणि पालेर्मो ही शहरं करावीत की एटना ज्वालामुखीच्या उतारावरच्या वाइनच्या गावांना दोन दिवस द्यावेत, इथवर ठीक. पण पुढे तुम्ही विचारलंत, "एवढ्या लांब जाऊन द्राक्षाचे मळेच बघायचे तर आपलं नाशिक काय वाईट?" माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरात द्राक्षबाग. नाशिक वाईट नाहीच. पण एटनावर ज्या म्हाताऱ्या वेली उभ्या आहेत तशा नाशिकला आता जवळजवळ राहिलेल्या नाहीत, आणि आमच्या शिवारातून त्या कशा गेल्या हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दोन दिवस द्या. पालेर्मो या फेरीत सोडा. एटनाच्या पायथ्याच्या कातानिया शहराहून ते दोनशे किलोमीटर आहे, पाच दिवसांत दोन्ही टोकं गाठायला गेलात तर सासूबाईंची निम्मी सहल गाडीत जाईल. ताओर्मिनाला एक दिवस पुरतो: ग्रीक नाट्यगृह बघायचं, तिथून समोर दिसणारा एटना बघायचा, संध्याकाळी गर्दीतून बाहेर पडायचं.

मुक्काम उत्तरेच्या उतारावर करा. लिंग्वाग्लोसा, सोलिकियाता, पासोपिशारो, रांदात्सो ही गावं एका रस्त्यावर ओळीनं येतात. पांढऱ्या वाइनची आवड असेल तर पूर्वेकडचं मिलो. 'एटना बियान्को सुपेरिओरे' फक्त त्या एका गावच्या हद्दीत होते. कारिकांते नावाचं द्राक्ष, आंबटपणा कडक, जिभेवर किंचित खारट. लाल वाइन नेरेल्लो मास्कालेझे या द्राक्षाची. रंग फिका, डाळिंबाच्या रसात पाणी घातल्यासारखा, त्यामुळे बरेच जण पेला हातात घेताच नाक मुरडतात. घोट घेतल्यावर मात्र तुरटपणा हिरड्यांना धरून बसतो. रंगावरून वाइन जोखणाऱ्यांचं ऐकू नका. बाटलीवर शिवाराचं नाव असतं, काल्देरारा सोत्ताना, ग्वार्दिओला असं. शेजारशेजारची दोन शिवारं एकाच बैठकीत चाखून बघा. लाव्हा वेगवेगळ्या काळातला, त्यामुळे मातीही वेगळी, आणि तो फरक नवख्यालाही लागतो.

आता मूळ मुद्दा. मी मिलानला राहते. एका ऑक्टोबरात, काढणीच्या दिवसांत, ओळखीतून आम्ही सोलिकियाताजवळच्या एका छोट्या शेतकऱ्याकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, बाग एकरभरसुद्धा नसेल. मांडव नाही, तारा नाहीत. प्रत्येक वेल स्वतंत्र, कमरेएवढी, चेस्टनटच्या लाकडाच्या खुंटीला बांधलेली. पायाखाली काळी रेती, बूट रुततात. बांध लाव्हाच्या दगडांचे, बिनचुन्याचे. आजोबांनी एका वेलीची पानं बाजूला केली आणि मला खोड दाखवलं. पिळलेलं, एका अंगानं पार पोकळ, माझी मूठ आत गेली. आत कोरडं ठक्क लाकूड. दुसऱ्या अंगाला दोन-तीन बोटं रुंद जिवंत सालीची पट्टी खालून वर गेलेली, आणि तेवढ्या पट्टीवर चार घड पोसलेले. त्यांच्या पणजोबांनी लावलेली वेल. एका झाडाला एखाद-दीड किलो माल, बस्स.

त्याच ओळीत एक वेल मेली होती. तिथे त्यांनी नवीन रोप आणलं नव्हतं. शेजारच्या वेलीची एक लांब काडी वाकवून मातीत दाबली होती आणि शेंडा खुंटीला बांधून वर काढला होता. दाब कलम! माझे वडील हेच करायचे. मी त्या रेतीत उकिडवी बसले आणि मला पुढचं काही ऐकूच येईना.

दाब कलम तिथे चालतं, कारण त्या वेली स्वतःच्या मुळांवर आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलोक्सेरा नावाच्या मुळांवरच्या किडीनं युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्या. मग जवळजवळ सगळीकडे अमेरिकी खुंटावर, म्हणजे त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी वेलीच्या मुळांवर, कलमं बांधून नव्यानं लागवड झाली. ज्वालामुखीच्या रेताड मातीत त्या किडीचं फारसं चालत नाही, म्हणून एटनावर शंभरी ओलांडलेल्या, बिनखुंटाच्या वेलींचे तुकडे शिल्लक राहिले. खुंटावरच्या बागेत दाब कलमाला अर्थ नाही, कारण नवीन वेल खुंट सोडून स्वतःचीच मुळं धरते.

आमच्याकडे वडिलांनी तरुणपणी लावलेली अनाबेशाही या जुन्या जातीच्या द्राक्षाची बाग होती. स्वतःच्या मुळांवर, दगडी खांबांच्या मांडवावर. भावानं ती काढली. डॉगरिज या अमेरिकी खुंटावर थॉम्पसन हे बिनबियांचं द्राक्ष करायचं ठरलं, एका सकाळी जेसीबी आला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत वावर मोकळं. विहिरीकडच्या दोन ओळी ठेव, एवढंच मी म्हणत होते. "पंधरा वर्षांपुढे बाग म्हणजे नुसता खर्च, आणि तुला शेतीतलं काय कळतं, तू दिल्या घरी," हे उत्तर मिळालं. वडील ओट्यावर बसून होते, काही बोलले नाहीत. त्यावरून आमच्या घरात आजही दिवाळीला वाद होतो.

दादाचं गणित मला पाठ आहे. अनाबेशाहीत बी, बाजाराला बिनबियांचं हवं, डोक्यावर कर्ज. पण हेच गणित एटनावरही मांडलं जात होतं. तिथली वाइन रिपोस्तो बंदरातून घाऊक बाहेर जायची, दुसऱ्यांच्या वाइनमध्ये मिसळायला. तरुण पोरं शहरात गेली, बांध ढासळले, दगडी घाण्यांची घरं, पाल्मेंतो म्हणतात त्यांना, ओस पडली. १९६८ साली एटनाला वाइनची अधिकृत ओळख मिळाली तरी चित्र लगेच पालटलं नाही. १९८८ मध्ये ज्युसेप्पे बेनांती या स्थानिक उद्योजकानं जुन्या बागांमधून चांगली वाइन काढायला घेतली, २००० नंतर बाहेरून लोक आले, आणि ज्यांच्याकडे म्हाताऱ्या वेली उरल्या होत्या त्यांच्या मालाला भाव आला. वेल एकदा उपटली की पुढच्या शंभर वर्षांची सोय गेली. बाजार दहा वर्षांत फिरतो. दोन ओळी ठेवल्यानं दादाचं काहीही बुडालं नसतं, हे मी तेव्हाही म्हणत होते.

एक मात्र मान्य करायला हवं. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलला काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरला फळासाठी गोडी छाटणी, बारा महिने तिला राबवतो. एटनावर थंडीत बर्फ पडतं, वेल चार महिने निपचित असते. म्हणून नाशिकची निर्यातीची बाग शंभर वर्षं टिकेल असं मी म्हणत नाही.

सासूसासऱ्यांचं. खाण्याची काळजी करू नका. पास्ता आल्ला नोर्मा कातानियाचाच: टोमॅटो, तळलेलं वांगं, बेसिल, वरून किसलेला खारवलेला रिकोत्ता, म्हणजे एक चीज. नाव बेल्लिनी या संगीतकाराच्या 'नोर्मा' ऑपेरावरून, तो कातानियाचाच. वांग्याची पार्मिजाना, कापोनाता ही वांग्याची आंबटगोड भाजी, वाळवलेल्या बाकल्याचं घट्ट पिठल्यासारखं माक्को, सगळं चालेल. सकाळी ग्रानिता (गोड बर्फाचा चुरा) आणि ब्रिओश (मऊ पाव), ग्रानिता बदामाचा घ्या. एटनाच्या पश्चिमेच्या ब्रोंते गावचा पिस्ता तिथे जाऊनच खावा, झाडं लाव्हाच्या खडकातून उगवलेली आहेत आणि काढणी एक वर्षाआड होते. मात्र अँचोव्ही ही छोटी मासळी कशातही लपलेली असते, दर वेळी विचारा. बरंचसं चीज काटेकोर शाकाहारी नसतं, त्यात दूध गोठवायला वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं रेनेट घातलेलं असतं. लिंग्वाग्लोसा सॉसेजसाठी प्रसिद्ध आहे, तिथे मेनू नीट वाचा.

न पिणाऱ्यांसाठी रांदात्सोची काळ्या दगडाची चर्चेस बघा. १९८१ साली लाव्हा या गावाच्या अगदी कडेनं गेला. अल्कांताराच्या घळीत बसाल्टचे उभे खांब आहेत, अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिली असेल तर सासऱ्यांना लगेच ओळख पटेल. डोंगरावर जायचं तर दक्षिणेकडून सापिएन्झा या डोंगरावरच्या तळापर्यंत गाडी जाते, तिथे १८९२ च्या उद्रेकाची सिल्वेस्त्री विवरं फार चढ न चढता बघता येतात. केबल कारनं २,५०० मीटरपर्यंतही जाता येतं, पण वरचा वारा झेपणार असेल तरच.

स्वतः पिऊन गाडी चालवू नका, इटलीत मर्यादा रक्ताच्या लिटरला ०.५ ग्रॅम अल्कोहोल आहे आणि ते रस्ते वळणांचे. डोंगराला वळसा घालणारी चिर्कुमेत्नेआ ही छोटी रेल्वे सुंदर, पण रविवारी बंद. वाइनरीत आधी कळवल्याशिवाय जाऊ नका. काढणीच्या दिवसांत लहान शेतकऱ्यांना बोलायला सवड नसते, पण बाग तेव्हाच बघण्यासारखी असते. वाइन चाखायच्या आधी बाग दाखवा म्हणा. नुसत्या टेबलावर पेले मांडून देणाऱ्यांकडे जाऊच नका.

तुमच्या सासऱ्यांची स्वतःची बाग आहे की नाही, तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर त्यांना वाइनच्या बैठकीत अवघडून बसवू नका, त्या शेतकऱ्याबरोबर बांधावर सोडा, भाषा लागणार नाही. आणि निफाड-दिंडोरीकडे कुणाच्या परसात, विहिरीपाशी, स्वतःच्या मुळांवरची अनाबेशाही अजून उभी असेल तर मला कृपा करून कळवा. एप्रिलच्या छाटणीला मी येते, दोन काड्या हव्या आहेत.