कामावर अपंगत्व आलं, मालक हात वर करतोय : तुमचे प्रश्न

प्रश्न : मे 2025 मध्ये पॉवर प्रेसवर उजव्या हाताची दोन बोटं गेली. वय 30, पगार 15,000. ठेकेदाराने 40 हजार हातावर ठेवले आणि स्टॅम्प पेपरवर "काही बाकी नाही" अशी सही घेतली. आता केस होते का?

उत्तर : होते की. त्या सहीचं टेन्शन घेऊ नका, तुमचा अपघात 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली येतो (नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण तुमचा अपघात त्याआधीचा), आणि भरपाईचा हक्क सोडून देणारा करार त्या कायद्यात मुळातच रद्दबातल, फार तर ते 40 हजार वजा होतील. आता हिशोब बघा, पगाराचे 60 टक्के म्हणजे 9,000, त्याला गुणिले कायद्याच्या तक्त्यातला वय 30 चा गुणांक 207.98, झाले 18,71,820, आणि एका हाताच्या दोन बोटांना 20 टक्के, म्हणजे 3,74,364 रुपये, वर 12 टक्के व्याज वेगळं. म्हणून तर सही घ्यायची एवढी घाई! ठेकेदार पळाला तरी मूळ कंपनी सुटत नाही. "मशीनचा सेफ्टी गार्ड याने स्वतःच काढला होता" हे ते म्हणणारच, तेव्हा शेजारच्या मशीनवरचा साक्षीदार आत्ताच धरून ठेवा. मुदत अपघातापासून दोन वर्षं. फक्त आधी पगाराची स्लिप बघा, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर हा दावा चालत नाही, पैसे ईएसआयकडूनच मिळतात.

प्रश्न : रात्रपाळीला जाताना बाईकचा अपघात झाला, पाय गेला. गेटबाहेरचं आमच्याकडे नाही, असं कंपनी म्हणते.

उत्तर : हे उत्तर आता जुनं झालं. महाराष्ट्रातल्याच एका साखर कारखान्याचा वॉचमन 2003 मध्ये ड्युटीवर जाताना वाटेत अपघातात दगावला, त्या केसमध्ये जुलै 2025 ला सुप्रीम कोर्टाने घर ते काम हा प्रवासही नोकरीच्या ओघातला धरला. पण वेळ, रस्ता आणि नोकरी यांचा संबंध दाखवावा लागतो, वाटेत भलतीकडे वळला असाल तर अवघड आहे. त्या दिवसाचा शिफ्ट चार्ट मिळवा.

प्रश्न : सरकारी महामंडळात ड्रायव्हर आहे. एका डोळ्याची नजर गेली. 40 टक्क्यांच्या खाली सर्टिफिकेट आहे म्हणून संरक्षण नाही, घरी बसा म्हणतात.

उत्तर : साहेबांनी दोन गोष्टींची खिचडी केलीय. 40 टक्के लागतात ते आरक्षणाला. 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या कलम 20(4) मध्ये नोकरीत असताना अपंगत्व आलं एवढंच म्हटलंय, टक्का नाही. त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, जागा नसेल तर जादा पद तयार करायचं. तेलंगणात रंगांधळा ठरवून काढलेल्या एसटी ड्रायव्हरला ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने पर्यायी काम द्यायला लावलं. खासगी कंपनीला हे कलम लागू नाही, तुम्हाला आहे. तेव्हा स्वेच्छानिवृत्तीच्या फॉर्मवर सही करू नका, पर्यायी पदाचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.