टाकीतलं हिरवं पाणी

प्रश्न : मी हायड्रोपोनिक्सवर, म्हणजे मातीशिवाय नुसत्या पोषणद्रावणात, पालेभाज्या वाढवतो. टाकी अर्धपारदर्शक आहे आणि महिन्याभरात पोषणद्रावण हिरवंगार झालं. हे शेवाळ गाळून, वाळवून स्पिरुलिना (पूरक आहार म्हणून विकतात ते शैवाल) म्हणून खाता येईल का?

उत्तर : नाही, आणि चाखूनही बघू नका. ती स्पिरुलिना असणं जवळजवळ अशक्य आहे. स्पिरुलिनाला सामू (पीएच) ९ ते १०.५ आणि भरपूर बायकार्बोनेट लागतं. तिच्यासाठी प्रयोगशाळेत जे झारूक माध्यम वापरतात, त्यात लिटरला १६.८ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट असतं. असल्या पाण्यात बाकीच्यांचा फारसा निभाव लागत नाही, म्हणूनच ती उघड्या तलावात वाढवली तरी बऱ्यापैकी निर्भेळ राहते. तुमच्या द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ असणार (नसेल, तर आधी तो बघा). तिथे वाढलंय ते हवेतून आणि पाण्यातून आलेलं, आयतं जेवण मिळालेलं मिश्र शेवाळ. त्यात क्लोरेलासारखं खाण्याजोगं हिरवं शैवाल असेलही, पण विष तयार करणारे नीलहरित जिवाणू नाहीत, हे नुसत्या रंगावरून कुणालाच सांगता येणार नाही. माझी सारी नोकरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यात गेली, मीही सांगणार नाही.

हे पाहुणे भाजीचं नायट्रेट आणि फॉस्फेट खातात. दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून सामू वर नेतात, रात्री मुळांच्या वाट्याचा ऑक्सिजन वापरतात. मेले की कुजतात आणि मुळांजवळ बुरशीला खाऊ मिळतो. यावर औषध शोधत बसू नका. प्रकाश तोडा. टाकी रिकामी करून घासा, बाहेरून आधी काळा रंग द्या आणि त्यावर पांढरा. नुसता काळा दिलात तर पाणी तापेल. २० अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. रोपांच्या भोवतीच्या फटी आणि नळ्यांची तोंडंही झाका, बहुतेक लोक तिथेच फसतात. काढलेलं शेवाळ कंपोस्टमध्ये टाका.

प्रश्न : शैवालापासून डिझेल बनवणाऱ्या प्रकल्पात मित्र पैसे गुंतवायला सांगतो आहे. तेवढ्याच जागेत तेलबियांच्या कित्येक पट तेल निघतं म्हणे. खरं आहे का?

उत्तर : कागदावर खरं आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ याच आशेवर संशोधन चालवलं. एक्सॉनमोबिलने २००९ मध्ये ६० कोटी डॉलरपर्यंतची तयारी जाहीर केली आणि २०२३ पर्यंत त्यातून अंग काढून घेतलं. घोडं पेंड खातं ते पाण्यापाशी. उघड्या तलावात लिटरमागे कोरडं शैवाल निघतं अर्धा ते एक ग्रॅम. म्हणजे किलोभर मालासाठी हजार-दोन हजार लिटर पाणी बाजूला काढायचं, मग ओला लगदा वाळवायचा, मग तेल काढायचं. त्यात शैवाल तेल साठवतं ते बहुधा नत्राची उपासमार झाली की, आणि उपाशी शैवालाची वाढ खुंटते. इंधनाच्या भावात हा खर्च बसत नाही.

बसतो तो किलोला चांगला भाव असलेल्या मालात. ड्युनालिएला नावाचं शैवाल अतिखारट पाण्यात बीटा-कॅरोटीन साठवतं. हिमॅटोकॉकस या दुसऱ्या शैवालावर कडक प्रकाशाचा आणि उपासमारीचा ताण आणला की ते लाल होतं, त्यातून अॅस्टाझॅन्थिन हे लाल रंगद्रव्य मिळतं. स्पिरुलिनाचा निळा रंग मिठाईत वापरायला अमेरिकेने २०१३ मध्ये परवानगी दिली. बाळांच्या दुधाच्या पावडरीतलं डीएचए (ओमेगा-३ प्रकारचं मेदाम्ल) मात्र पुष्कळदा अशा सूक्ष्मजीवांकडून येतं, जे पोलादी टाक्यांत, अंधारात, साखरेवर वाढवतात. तिथे उन्हाचा काही संबंध नाही! मित्राला एवढंच विचारा : पाणी कसं काढणार आणि त्याला किलोमागे वीज किती? आकडा न देता त्याने सूर्यप्रकाशाचं कौतुक सुरू केलं, तर पैसे खिशातच ठेवा.

प्रश्न : पोषणद्रव्यं 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्यांत का येतात? एकत्र करून ठेवली तर सोपं पडेल.

उत्तर : सोपं पडेल, पण तळाशी पांढरा साका बसेल. 'ए'मध्ये कॅल्शियम असतं, 'बी'मध्ये सल्फेट आणि फॉस्फेट. दाट द्रावणं भेटली की जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आणि कॅल्शियम फॉस्फेट तयार होतं, आणि ते मुळांच्या काही कामाचं नाही. टाकीतल्या पाण्यात एक घाला, ढवळा, मग दुसरं. मापाचा पेला मध्ये धुऊन घ्या.