‘सिस्टर, ह्याचे रोजचे नाटक आहे’

प्रिय भगिनी,

चार महिन्यांपूर्वी तुमची जिल्हा रुग्णालयातून एका मध्यवर्ती कारागृहाच्या रुग्णालयात बदली झाली. एके दुपारी एक कच्चा कैदी पोट धरून तुमच्यासमोर आला, तेव्हा सोबतचा शिपाई म्हणाला, “सिस्टर, ह्याचे रोजचे नाटक आहे, ह्याला बाहेरच्या हॉस्पिटलची हवा खायची आहे.” तुम्ही त्याला आम्लपित्ताची गोळी देऊन बराकीत परत पाठवले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला बाहेर हलवावे लागले, कारण त्याचे अपेंडिक्स फुटले होते. शस्त्रक्रिया झाली आणि तो वाचला. पुढे त्याच्यावर लहान मुलीशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असल्याचे तुम्हांला कळले आणि ‘झाले ते कमीच झाले’ असा विचार क्षणभर मनात येऊन गेला. त्या विचाराने तुमची झोप उडाली आहे, यजमान बदलीचा अर्ज करा म्हणत आहेत, सासूबाईंना शेजारी काय सांगायचे याची चिंता आहे, आणि तुम्ही मला विचारता की तुम्ही वाईट परिचारिका आहात का.

तुमच्या हातून चूक झाली आहे. ती मी सौम्य शब्दांत सांगितली, तर तुमच्या पत्रातल्या प्रामाणिकपणाचा तो अपमान होईल. तुम्ही गोळी दिली ही चूक दुय्यम आहे. मुख्य चूक अशी की तुम्ही त्याचा ताप पाहिला नाही, नाडी मोजली नाही, दुखणे बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकले का हे विचारले नाही, पोटाला हात लावला नाही आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवले नाही. जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात, समोर कोणीही असता, हे सगळे तुमच्या हातांनी आपोआप केले असते. म्हणजे तुमचे ज्ञान कमी पडलेले नाही. शिपायाचे एक वाक्य तुमच्या आणि रुग्णाच्या मधे येऊन उभे राहिले आणि तुम्ही ते बाजूला सारले नाही.

त्या शिपायाचा मला राग येत नाही. अपुऱ्या मनुष्यबळावर शेकडो माणसे सांभाळताना, आणि एका कैद्याला बाहेर न्यायचे तर पोलीस बंदोबस्तासाठी पत्रापत्री करताना, त्याचा संशय वाढत जाणे स्वाभाविक आहे. पण निदान करणे हे त्याचे काम नव्हे. इंग्रजी अमलातल्या 1894 च्या कारागृह कायद्याच्या 37 व्या कलमातसुद्धा एवढेच अपेक्षित आहे की जो कैदी वैद्यकीय मदत मागतो किंवा शरीराने वा मनाने आजारी दिसतो, त्याचे नाव पहाऱ्यावरील माणसाने विनाविलंब वर कळवावे. खरे आजारपण कोणते आणि खोटे कोणते, याची निवड त्या कलमाने पहारेकऱ्याकडे सोपवलेली नाही. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर 2015 मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांपैकी 24 वा नियम सांगतो की कैद्याला बाहेरच्या समाजाइतक्याच दर्जाची आरोग्यसेवा मिळाली पाहिजे, आणि 27 वा नियम सांगतो की वैद्यकीय निर्णय फक्त आरोग्य कर्मचाऱ्यांनीच घ्यावा आणि तुरुंगाच्या इतर कर्मचाऱ्यांनी तो डावलू नये. हे नियम तुम्ही मराठीत लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा. कोणाशी वाद घालण्यासाठी नव्हे, तर दुपारी रांग मोठी असताना स्वतःच्या नजरेस पडावेत म्हणून.

काही कैदी सोंग करतात, हे खरेच आहे. बाहेरच्या रुग्णालयात नातेवाईक दुरून तरी दिसतील अशी आशा असते, बराकीत कोणी मारहाण करत असते, तारखेला कोर्टात जायची भीती असते. पण सोंग हा निष्कर्ष आहे आणि तो तपासणीनंतर यावा. शिवाय सोंगालाही कारण असते. पोट दुखत नसताना जो माणूस पोट दुखते म्हणतो, त्याला एकांतात दोन प्रश्न विचारले तर कधी कधी पाठीवरचे वळ दिसतात. आणि बराकीत जे हमखास नाटक वाटते, त्यातले काही जिवावर बेतणारे असते. रोज भरपूर दारू पिणारा माणूस आत आला आणि दारू अचानक तुटली की दोनतीन दिवसांत त्याचे हात थरथरू लागतात, कधी त्याला भिंतीवर किडे दिसतात, झटके येतात. पहारा त्याला वेडाचे सोंग म्हणतो आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास तो दगावू शकतो. आत येणाऱ्या नव्या माणसाच्या पहिल्या काही रात्री आत्महत्येच्या दृष्टीने सर्वांत धोक्याच्या असतात, म्हणून दाखल होतानाची तपासणी केवळ वजन-उंचीच्या रकाने भरण्यासाठी नसते. 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत क्षमतेच्या 131.4 टक्के माणसे होती. एवढ्या दाटीत दोन आठवड्यांचा खोकला हा एकट्याचा खोकला राहत नाही.

तुमच्या कैद्याचे दुखणे वाचून मला येरवडा आठवले. जानेवारी 1924 मध्ये तिथे शिक्षा भोगत असलेल्या गांधीजींचे पोट असेच दुखू लागले. त्यांना ससून रुग्णालयात हलवले गेले आणि 12 जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली. मधेच वीज गेली, तेव्हा ती कंदिलाच्या उजेडात पुरी करण्यात आली. राज्यकर्त्यांनी ज्याला राजद्रोही ठरवले होते, त्याच्या पोटावर राज्यकर्त्यांच्याच सर्जनने त्या रात्री हात चालवला. अर्थात तो कैदी साऱ्या जगाला ठाऊक होता. तुमच्यासमोरच्या माणसाला कोणी ओळखत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत तुमचा हात हाच त्याचा सारा आधार आहे.

आता त्या विचाराबद्दल. तो मनात आला म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. तुम्ही स्वतः मुलीची आई आहात असे लिहिले आहे, आणि त्या आरोपाने मन पेटले नसते तर मला अधिक काळजी वाटली असती. पण 2022 अखेर देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांच्यावरील आरोप अजून सिद्ध व्हायचे होते. हे सांगताना मी थोडी थांबते, कारण ‘तो निर्दोष असेल’ ही पळवाट तुम्हांला द्यायची नाही. उद्या आरोप सिद्ध झाला तरी न्यायालय त्याला कैदेची शिक्षा देईल. फुटलेल्या अपेंडिक्सची शिक्षा कोणत्याच कायद्यात नाही. जिल्हा रुग्णालयात दारू पिऊन गाडी चालवणारा आणि त्याने उडवलेला मुलगा शेजारच्या खाटांवर असताना तुम्ही दोघांनाही सलाइन लावले असेल. तेच बळ इथे वापरायचे आहे. कोणाचे कलम कोणते, हे विचारू नका. कानावर पडले तर केस पेपरवर येऊ देऊ नका. हाक नंबराने न मारता नावाने मारा आणि ‘तुम्ही’ म्हणा.

दया आणि सवलत यांत मात्र गल्लत नको. चिठ्ठी पोहोचवणे, स्वतःचा मोबाइल देणे, घरी निरोप सांगणे, हे एकदाही करू नका, कारण पहिल्या उपकारानंतर दुसरा मागितला जातो आणि तिसऱ्या वेळी धमकी येते. सुया आणि सिरिंज मोजून बाहेर काढा, मोजून परत ठेवा. गोळी समोर गिळायला लावा, कारण साठवलेल्या गोळ्यांचा व्यापार होतो आणि कधी त्या एकदम घेतल्या जातात. शिपाई दिसेल इतक्या अंतरावर उभा असावा, ऐकू येईल इतक्या अंतरावर नको. एचआयव्हीबाधित कैद्याची माहिती तर 2017 च्या कायद्यानेच गोपनीय आहे, ती बराकीत फुटली तर त्या माणसाचे जगणे असह्य होते.

सासूबाईंना सांगा की सून सरकारी दवाखान्यात नोकरीला आहे. त्यात काहीच खोटे नाही.

बदलीचा अर्ज आता करू नका. या मनःस्थितीत गेलात तर ती दुपार तुमच्याबरोबर नव्या वॉर्डात येईल. सहा महिने थांबा. त्यानंतरही एखाद्या रुग्णाला औषध देताना हात आखडतो आहे असे जाणवले, तर निःसंकोच अर्ज करा, त्यात रुग्णाचेही हित असेल. तोवर दोन गोष्टी करा. त्या दिवशी काय घडले आणि तुमच्याकडून काय राहून गेले, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी द्या, आणि यापुढे तपासून परत पाठवलेल्या प्रत्येक कैद्याची वेळ, ताप, नाडी आणि तक्रार नोंदवण्याची एक वही सुरू करण्याची परवानगी मागा.

तो माणूस टाके घेऊन परत येईल आणि त्याचे ड्रेसिंग तुमच्याकडेच असेल. ते दुसऱ्या सिस्टरकडे देऊ नका. पट्टी सोडताना त्याला एवढेच सांगा, “त्या दिवशी मी तुमचे पोट तपासायला हवे होते.” तो काही बोलेल किंवा बोलणार नाही. तुम्ही जखम पाहा, लाली आहे का, पू आहे का, आणि वहीत लिहा.

तुमची,
ताई