आईला घेऊन एका दिवसात रामटेक: आधी गड की आधी आंबाळा?

तुमचा प्रश्न असा: हिंगणघाटजवळच्या गावातून चारचाकीने निघायचं, सोबत गुडघे दुखणारी आई, आंबाळा तलावावर वडिलांचं वर्षश्राद्ध आणि रामटेकच्या गडावर रामाचं दर्शन, दोन्ही एकाच दिवशी. आधी काय करावं?

आधी गड करा. जुनी रीत उलटी आहे, म्हणजे आंबाळा तलावावर हातपाय धुऊन तिथूनच पायऱ्यांनी गड चढायचा. पण श्राद्धाची वेळ दुपारची, कुतप काळ (श्राद्धाचा मुहूर्त) साधारण पावणेबारापासून. सकाळी आठला आंबाळ्यावर पोचून तुम्ही गुरुजींची वाट पाहत बसाल, आणि विधी उरकून दीड-दोनला गडावर जाल तेव्हा फरशी तव्यासारखी तापलेली असेल. वर चपला काढाव्याच लागतात. आईच्या पायांचा विचार केला तर हे एकच कारण पुरे आहे.

पहाटे साडेपाचला निघा. नागपूर शहरात न शिरता बाह्यवळणाने कन्हान गाठा, पुढे जबलपूरच्या महामार्गावर मनसरला उजवीकडे वळा. नागपूर ते रामटेक ५० किलोमीटरच्या आसपास आहे. श्राद्ध ज्याच्या हातून व्हायचं त्याने पोटात काही न घालता जायचं असतं, आईला मात्र वाटेत खाऊ घाला.

गाडी टेकडीवर दुकानांपर्यंत जाते. तरी पुढच्या पायऱ्या काही चुकत नाहीत. आईला काठी द्या, एका बाजूने हात धरा, घाई करू नका. वानरं (काळ्या तोंडाची) पायऱ्यांवर बसलेलीच असतात. ती माणसाकडे बघत नाहीत, पिशवीकडे बघतात. पारदर्शक प्लास्टिकमधला नारळ-चिरंजी म्हणजे त्यांना आमंत्रणच. सगळं कापडी पिशवीत, पिशवी पोटाशी. हिसकलंच तर सोडून द्या. ओढाताण केली की चावतात, आणि मग दर्शन राहिलं बाजूला, दवाखाना आधी.

वराह दरवाजाजवळ दगडाचा भला मोठा वराह चार पायांवर उभा आहे. त्याच्या पोटाखालून सरपटत जायची प्रथा आहे, पुण्यवान तो पार होतो म्हणतात. खरं तर पार होतो तो सडपातळ माणूस. कोपरं पुढे आणि एक खांदा तिरका करून जावं लागतं, सरळ घुसलेला मधेच अडकतो. आईने बाहेरूनच हात जोडावेत. पुढे सिंगपूर, भैरव आणि गोकुळ दरवाजे ओलांडून आतल्या चौकात गेलात की आधी लक्ष्मणाचं देऊळ लागतं, मग रामाचं. दर्शनाचा क्रमही तोच. मागच्या झरोक्यातून खालची तळी आणि शेतं दिसतात, आईला तिथे टेकू द्या.

बहुतेक लोक इथूनच परत फिरतात आणि गडावरची सगळ्यात जुनी देवळं बघायची राहून जातात. रुद्र नरसिंह आणि केवल नरसिंह ही दोन बसकी, लाल दगडाची देवळं विदर्भातल्या वाकाटक राजांच्या काळातली, ५व्या शतकातली आहेत. केवल नरसिंहाच्या देवळात ब्राह्मी शिलालेख आहे. प्रत्येकात एकच भरदार बैठी मूर्ती. दहा मिनिटं लागतात. कालिदास स्मारक आई दमली असेल तर सोडा. ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे हीच टेकडी असं संस्कृतपंडित वा. वि. मिराशींनी मांडलं, स्मारकात कालिदासाच्या काव्यांवरची चित्रं आहेत.

अकराच्या आत खाली उतरून गाडीनेच आंबाळ्याला या. गुरुजींशी फोनवर आधीच बोलून ठेवा: साहित्य कोण आणणार, दक्षिणा किती. घाटावर ठरवायला गेलात तर मोलभाव होतो आणि मन खट्टू होतं. घरून न्यायचं तर काळे तीळ, दर्भ, मध, तूप, दूध-दही, जानवं, पांढरं धोतर आणि पिंडांसाठी भात किंवा कणीक, जशी घरची रीत. पहिलंच वर्षश्राद्ध असेल तर तसं आधीच सांगा, विधीत फरक पडतो. दिवस तिथीने धरा, तारखेने नाही.

सगळ्यांची गाडी अडते ती नावांपाशी. पिंड तीन: वडील, आजोबा, पणजोबा. पणजोबांचं नाव ऐन वेळी कुणालाच आठवत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून कागदावर लिहून न्या. जुन्या सातबारावर किंवा फेरफारातही सापडतं. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, पिंड सोडायला जाताना टाच आधी टेकवा, आणि आईला वरच्याच पायरीवर बसवा. पत्रावळी, प्लास्टिक पाण्यात टाकू नका.

त्रिपुरी पौर्णिमा आणि रामनवमी या दोन दिवशी हा बेत जमणार नाही. त्रिपुरीला रामाचं वर्षभराचं पीतांबर देवळाच्या माथ्यावर जाळतात, ते बघायला खेड्यापाड्यांतून माणूस लोटतो आणि गाडी पार खाली अडते. तुमची तिथी त्याच सुमारास येत असेल तर श्राद्ध त्या दिवशी उरका, आणि गडासाठी आईला हिवाळ्यात पुन्हा आणा.