वाचून लिहायचा प्रकल्प : वर्ष वाया जाईल का?

प्रश्न : मुलगी सांगलीत एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाइडनी प्रयोगशाळेतलं काम न देता ‘द्राक्षबागेतली कीडनाशकं व बुरशीनाशकं आणि शेतकऱ्यांचं आरोग्य’ यावर रिव्ह्यू करायला सांगितलाय. दुसऱ्यांचं वाचून लिहायचं, यात शिक्षण ते काय? शिवाय एक रिव्ह्यू म्हणतो मॅन्कोझेब हे बुरशीनाशक घातक, दुसरा म्हणतो काळजीचं कारण नाही. खरं कोणाचं? यातून नोकरी लागेल, की एमपीएचला (सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला) घालू? – एक बागायतदार, तासगाव तालुका

उत्तर : आधी मॅन्कोझेबचं बघू. बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

दोन्ही रिव्ह्यू आपापल्या जागी बरोबर असू शकतात. एक द्राक्षावर राहिलेल्या रेसिड्यूबद्दल, म्हणजे खाणाऱ्याबद्दल बोलत असेल आणि दुसरा फवारणीचा ब्लोअर चालवणाऱ्याबद्दल. युरोपियन युनियनने २०२० मध्ये मॅन्कोझेबची मंजुरी पुढे वाढवली नाही, हे निर्यातीचा माल करणाऱ्याला सांगायला नको. पण मालाचा रेसिड्यू रिपोर्ट पास झाला म्हणून फवारणाऱ्याच्या अंगावर औषध कमी पडलं असं होत नाही. म्हणून नीट केलेला रिव्ह्यू सुरुवातीलाच चार गोष्टी बांधून घेतो : माणसं कोणती, संपर्क कशाशी आणि किती, तुलना कोणाशी, परिणाम कोणता. याला ‘पेको’ म्हणतात. या चार गोष्टी सापडत नसतील तर मुलीने तो पेपर तिथेच बाजूला ठेवावा.

रिव्ह्यू तपासायला ‘ॲमस्टार २’ नावाची प्रश्नावली आहे, २०१७ची, १६ प्रश्नांची. त्यातले सात कळीचे आहेत. प्रोटोकॉल, म्हणजे कामाचा आराखडा, आधी ठरवला होता का? शोध पुरेसा होता का? वगळलेल्या अभ्यासांची यादी कारणांसह दिली का? प्रत्येक अभ्यासातला पूर्वग्रहाचा धोका, म्हणजे निष्कर्ष एका बाजूला झुकण्याची शक्यता, तपासला का? आकडे एकत्र करायची पद्धत योग्य होती का? निष्कर्ष काढताना तो धोका लक्षात घेतला का? आणि न छापलेल्या अभ्यासांमुळे चित्र बदलतं का? यातल्या एकात मोठी खोट असेल तर रिव्ह्यूवरचा विश्वास ‘कमी’, एकाहून जास्त असतील तर ‘अत्यंत कमी’. विद्यार्थी हमखास एक चूक करतात : सोळापैकी अकरा, म्हणजे पास. मार्कांची बेरीज इथे चालत नाही. विहिरीला पाणीच नसेल तर मोटर किती एचपीची आहे याला अर्थ नाही, तसंच हे.

हाताला सवय लागावी म्हणून निवडीच्या आकृतीपासून, म्हणजे किती अभ्यास मिळाले आणि किती गाळले हे दाखवणाऱ्या चित्रापासून, सुरुवात करावी. समजा, शोधात १,२४० नोंदी मिळाल्या. ३१० दुबार निघाल्या, ९३० उरल्या. शीर्षक-सारांश वाचून ८६० गेल्या, ७० पूर्ण वाचल्या, १८ घेतल्या. म्हणजे ५२ वगळल्याची कारणं दिसायला हवीत. कारणांची बेरीज ४७ आली, तर पाच अभ्यास कुठे गेले? नकोसे निष्कर्ष नेमके अशाच फटीतून गळतात. कॅल्क्युलेटर घेतला तर दहा मिनिटांचं काम, पण फारसं कोणी करत नाही.

शोधात पेपरांचे किमान दोन डेटाबेस हवेत आणि शोध रिव्ह्यू पूर्ण होण्याच्या आधीच्या २४ महिन्यांतला हवा. नुसतं ‘मॅन्कोझेब’ टाकून शोधलं तर ‘डायथायोकार्बामेट’ या गटनावाखाली छापलेले पेपर हातून सुटतात.

आता ॲमस्टारची मर्यादा. ते औषधोपचारांच्या रिव्ह्यूंसाठी बनवलेलं आहे. संपर्क मोजला कसा, हा पर्यावरणीय आरोग्यातला सगळ्यात नाजूक प्रश्न त्यात वेगळा विचारलेलाच नाही. मॅन्कोझेब शरीरात गेलं की त्यापासून इथिलीन थायोयुरिया बनतं आणि ते लघवीत सापडतं. पण ते काही दिवसांतच शरीराबाहेर पडतं. लघवीचा एकच नमुना घेतला तर गेल्या काही दिवसांचं कळेल, पंधरा वर्षांच्या फवारणीचं नाही. दुसरीकडे, ‘तुम्ही फवारता का? हो की नाही?’ एवढंच विचारलेले अभ्यास असतात. हंगामात दोनदा फवारणारा आणि तीस वेळा फवारणारा, दोघेही ‘हो’त बसतात. मोजमाप असं ढोबळ असलं की खरा संबंधही बहुतेक वेळा फिका दिसतो, आणि रिव्ह्यू लिहून मोकळा होतो : ‘संबंध आढळला नाही’.

दुसरी खोट म्हणजे तीच माणसं दोनदा मोजणं. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनात १९९३ पासून शेतकऱ्यांचा एक मोठा आरोग्य अभ्यास चालू आहे आणि त्यावर भरपूर पेपर निघाले आहेत. रिव्ह्यूकाराने त्यातले दोन-तीन पेपर वेगवेगळे धरून आकडे एकत्र केले, तर निष्कर्ष आहे त्यापेक्षा पक्का वाटतो. त्यामुळे मुलीने प्रत्येक पेपरपुढे देश, राज्य आणि माणसं घेतल्याची वर्षं लिहावीत. दुबार गट लगेच उघडे पडतात. शिवाय बंद केबिनच्या ट्रॅक्टरमधला तिकडचा शेतकरी आणि तोंडाला रुमाल बांधून गनने फवारणारा आपला मजूर यांचा संपर्क सारखा कसा असेल?

पैसा कोणाचा होता हेही बघावं. ॲमस्टारमध्ये हा प्रश्न आहे, पण कळीच्या सातांत नाही. ‘नॅव्हिगेशन गाइड’ ही खास पर्यावरणीय आरोग्यासाठीची पद्धत आर्थिक हितसंबंधाला थेट पूर्वग्रहाच्या धोक्यात धरते. मला तेच पटतं. आणि निरीक्षणातून मिळालेला पुरावा ती ‘मध्यम’ दर्जापासून मोजायला सुरुवात करते, ‘कमी’पासून नाही. चिठ्ठ्या टाकून माणसांवर औषध फवारायचा प्रयोग कोणी करणार नाही, तेव्हा हे रास्तच आहे.

तेव्हा प्रकल्प बदलू नका, मात्र आवाका छोटा करा. पूर्ण पद्धतशीर रिव्ह्यूला वर्षाच्या आसपास वेळ आणि किमान दोन माणसं लागतात. एका सेमिस्टरमध्ये एकटीने केला तर तो कच्चाच राहील. त्यापेक्षा ‘बुरशीनाशकं आणि फवारणाऱ्यांचं थायरॉइड’ असा एकच प्रश्न घेऊन त्यावर छापलेल्या रिव्ह्यूंचीच गुणवत्ता तपासावी. वर्गातल्या मैत्रिणीला सोबत घ्यावं, दोघींनी वेगवेगळी प्रश्नावली भरावी, मग जुळवावी. मतं जुळली नाहीत ती जागा आणि तिथे काय ठरवलं ते लिहून ठेवावं. तोंडी परीक्षेत आणि मुलाखतीत तेच विचारतात. पेपर शोधायला पबमेड आणि संदर्भ सांभाळायला झोटेरो, दोन्ही मोफत आहेत.

नोकरीचं म्हणाल तर नुसत्या एम.एस्सी.वर वाट अरुंद आहे. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी, सोबत संख्याशास्त्र पक्कं करावं. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था, लखनऊची विषविज्ञान संशोधन संस्था, नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था इथल्या प्रकल्पांच्या जाहिराती पाहत राहाव्यात. कीडनाशक कंपन्यांच्या नोंदणी विभागात आणि मेडिकल रायटिंगमध्येही असं वाचणारी माणसं लागतात. एमपीएच नंतरही करता येईल, पण प्रकल्पातून पळवाट म्हणून नको.

तुमच्याकडेही एक काम आहे. निर्यातीसाठी फवारणीची वही ठेवत असाल तर ती तिला दाखवा : तारीख, औषध, एकरी मात्रा, ब्लोअर की गन, कोणी फवारलं. मग तिला विचारा, वाचलेल्या पेपरांपैकी कितींमध्ये एवढी माहिती होती.