नागपुरात दोन दिवस: बागा, तलाव आणि खरेदी कशी बसवावी?

तुमचा प्रश्न असा आहे की डिसेंबरात आईवडील आणि मुलांना घेऊन दोन दिवस नागपूरला येताय, बागा-तलाव बघायचेत आणि खरेदीही करायची आहे, तर आखणी कशी करावी.

शुक्रवार-शनिवार धरा. सोमवारी गोरेवाड्याची प्राण्यांची सफारी आणि महाराजबाग प्राणिसंग्रहालय दोन्ही बंद, आणि रविवारी इतवारीच्या ठोक बाजारात बरीच शटरं खाली असतात.

हिरवं नागपूर पश्चिमेला आणि जुना बाजार पूर्वेला, एवढं लक्षात ठेवलं की निम्मी धावपळ वाचते. मेट्रोची एक्वा लाइन (लोकमान्य नगर ते प्रजापती नगर) दोन्ही टोकं जोडते. म्हणून सकाळ पश्चिमेला घालवा आणि दुपारनंतर बाजाराकडे निघा.

अंबाझरी तलावासाठी सुभाष नगर स्टेशनला उतरा. पक्षी बघायचे तर अंबाझरीच्याच जैवविविधता उद्यानात उघडताक्षणी शिरा, ऊन चढलं की झाडीत हालचाल उरत नाही. सेमिनरी हिल्सवर जपानी गार्डन आणि बालोद्यान जवळजवळ आहेत, पण तिथे मेट्रो जात नाही, ऑटो करा. सूर्यास्ताला फुटाळा तलाव गाठा. गोरेवाड्याच्या सफारीसाठी दुसऱ्या दिवशीची सकाळ राखून ठेवा आणि पहिल्या फेऱ्यांपैकी एक घ्या, कारण दुपारी वाघ-अस्वलं सावलीत पडून असतात.

चपला, पर्स, रोजचे कपडे बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात घ्या. तिथे घासाघीस चालते, नव्हे, करायचीच असते. साड्यांसाठी चितार ओळी स्टेशनला उतरून इतवारी-गांधीबागेत जा. विदर्भाची खरी चीज म्हणजे करवती काठाची टसर रेशमाची साडी. काठाचे करवतीसारखे दाते विणकर तीन धोट्यांनी (आडवा धागा नेणाऱ्या शटलांनी) विणतो, काठाचा आणि अंगाचा धागा एकमेकांत गुंतवतो. म्हणून साडी उलटून बघा. दाते मागूनही तितकेच ठसठशीत हवेत, मागे रंग फिका पडला तर तो छापलेला काठ.

आता संत्री. संत्र्याचे हंगाम दोन: डिसेंबरात आंबिया बहाराची फळं संपत आलेली असतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. रंगाला भुलू नका, हिरवट सालीचं फळही आतून गोड निघतं. हातात तोलून बघा, आकाराच्या मानाने जड हवं. दाबल्यावर साल फोडीपासून सुटून पोकळ लागली तर फळ जास्त पिकलंय, आत रस कमी. देठाची बोंडी शाबूत असलेलीच निवडा, ती निघालेली असली की तिथूनच सड सुरू होते. नेताना प्लास्टिकची पिशवी नको, आत दमट होऊन दोन दिवसांत बुरशी धरते. भोकं पाडलेल्या खोक्यात कागद घालून भरा आणि चेपलेलं एकही फळ ठेवू नका, ते शेजारची नासवतं. दोन-चार किलोसाठी कळमन्याच्या बाजार समितीत जाऊ नका, तिथला लिलाव ठोक मालाचा. संत्रा बर्फी मात्र निघायच्या दिवशीच घ्या, ती फार दिवस टिकत नाही.